प्रसादाचा शिरा आणि रक्ताचा रिपोर्ट

गेल्या श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता. दरवर्षीच असतो, त्यात नवल काही नाही. पण यंदा प्रसादाच्या वेळी जे झालं ते बरेच दिवस मनात घोळत राहिलं. काकूंनी त्या दिवशी एक प्रश्न विचारला होता आणि मला त्याचं धड उत्तर देता आलं नव्हतं. ते आज इथे द्यायचा प्रयत्न करते आहे. (काकू हे वाचणार आहेत. नातू त्यांना मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देतो.)

झालं असं, की इंदूरहून माझी भाची तिच्या चार वर्षांच्या लेकीला घेऊन आली होती. पूजा आटोपली, आरती झाली, आणि काकूंनी केळं घालून केलेल्या शिऱ्याचा द्रोण छकुलीपुढे केला. भाचीने तो पटकन उचलून बाजूला ठेवला.

"तिला गहू चालत नाही, आजी. रवाही नाही."

"अगं, चमचाभर तर आहे. प्रसाद कधी कुणाला बाधतो का?"

"बाधतो, आजी. खरंच बाधतो."

मग जे व्हायचं ते झालं. कुणी म्हणालं, हल्लीच्या आया फारच भित्र्या. कुणी म्हणालं, इंटरनेटवर वाचून पथ्यं करतात. आणि काकू म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही. पोळी खाऊन कुणी आजारी पडतं होय?"

तर तोच प्रश्न. खरंच नव्हतं का? की होतं, पण दिसत नव्हतं?

आधी छकुलीची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती निम्म्या नातेवाइकांना अर्धवट माहीत आहे. या मुलीचं पोट कधी बिघडलंच नाही. जुलाब नाहीत, उलट्या नाहीत. उलट बद्धकोष्ठाचाच त्रास. फक्त पोर पांढरी दिसायची, लवकर दमायची, आणि नडग्यांवर कुठे लागलं हे न आठवता काळेनिळे डाग पडायचे. हिमोग्लोबिन सात. लोहाचं औषध सुरू झालं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तर सव्वासात! औषध बदललं, जंताचं औषध झालं, थॅलेसेमियाची तपासणी झाली, बीट-डाळिंब-खजूर तर विचारूच नका. रक्त काही हलेना. त्यात प्लेटलेट नेहमीपेक्षा कमी नाहीत, चांगल्या वाढलेल्या, सहा लाखांवर. शेवटी एका डॉक्टरांनी सगळे कागद एका ओळीत मांडले आणि म्हणाले, लोह पोटात जातंय पण रक्तात पोचत नाहीये, तेव्हा आता रक्त सोडून आतडं बघू या. निघाला सीलिअ‍ॅक. म्हणजे गहू, बार्ली आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच लहान आतड्यावर उलटते, तो आजार.

पोटाचा आजार, आणि पोटाची एकही तक्रार नाही. खूण दिली ती रक्ताने. हे मला फार विलक्षण वाटलं. मी काही डॉक्टर नाही, पण इतिहासाची आवड आहे, म्हणून मागे मागे वाचत गेले. आणि काकूंच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच सापडलं.

या आजाराचं पहिलं वर्णन जवळजवळ अठराशे वर्षांपूर्वीचं आहे. कॅपाडोशियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला, अरेटिअस नावाचा एक ग्रीक वैद्य होता. खाल्लेलं अन्न न पचता बाहेर पडतं आणि माणूस झिजत जातो अशा रोग्यांबद्दल त्याने लिहून ठेवलं. पोटाला ग्रीकमध्ये कोइलिया म्हणतात, त्यावरून त्याने या रोग्यांना जे विशेषण लावलं त्याचंच पुढे सीलिअ‍ॅक झालं. मात्र तो मोठ्या माणसांबद्दल बोलत होता.

मुलांची कहाणी सुरू होते लंडनमध्ये. सॅम्युएल गी हे तिथल्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या मुलांच्या इस्पितळातले डॉक्टर. त्यांनी १८८७ च्या ऑक्टोबरात या आजारावर एक व्याख्यान दिलं आणि १८८८ मध्ये ते छापून आलं. हा आजार विशेषतः एक ते पाच वर्षांच्या मुलांत दिसतो, हातपाय वाळतात, पोट फुगतं, मूल निस्तेज आणि पांढुरकं होतं, हे सगळं त्यांनी अगदी बारकाईने टिपलं आहे. पांढुरकं! म्हणजे रक्ताची खूण पहिल्या आधुनिक वर्णनातच आहे. फक्त ती शेवटी आणि इतर खुणांच्या गर्दीत आहे.

गींनी आणखी एक गोष्ट ठामपणे सांगितली: हे मूल बरं व्हायचंच असेल तर ते आहारानेच होईल. किती बरोबर! पण कोणता आहार? त्यांनी भात आणि साबुदाण्यासारखे पिठूळ पदार्थ बंद करायला सांगितले, आणि पावाचे पातळ काप दोन्हीकडून भाजून द्यायला हरकत नाही असं म्हटलं. वाचताना मी कपाळावर हात मारला. निरुपद्रवी ते बंद आणि नेमकं विष तेवढं चालू. एका मुलाला त्यांनी रोज भरपूर शिंपल्या खायला घातल्या तर तो छान सुधारला, शिंपल्यांचा हंगाम संपला आणि पुन्हा खंगला. पुढच्या वर्षी त्या पोराने शिंपल्यांकडे बघायलाही नकार दिला. बिचारा.

त्यानंतरची साठेक वर्षं अशीच चाचपडण्यात गेली. न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी १९२४ मध्ये केळ्यांचा आहार सुचवला. पाव, बिस्किटं, बटाटे, सगळं बंद, आणि दिवसाला भरपूर केळी. मुलं खरंच सुधारली आणि हा आहार पुढे अनेक वर्षं चालला. हासना वाटलं, केळ्यात काहीतरी औषध आहे. आज आपल्याला दिसतं, की औषध केळ्यात नव्हतं, जे ताटातून काढलं त्यात होतं. आपल्याकडे घरोघरी अशी पथ्यं असतात. उतार पडतो, पण कशाने पडला हे भलत्यालाच चिकटवलं जातं.

आता येतात या गोष्टीचे खरे नायक, विलेम कारेल डिके. हॉलंडमध्ये हेग शहरातल्या मुलांच्या इस्पितळाचे ते १९३६ पासून प्रमुख होते. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली. लोक ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागले. सुमारे वीस हजार माणसं दगावली. आणि त्या भयंकर दुष्काळात डिकेंच्या वॉर्डातली सीलिअ‍ॅकची मुलं मात्र सुधारली! मग विमानांतून पाव आले आणि ती पुन्हा आजारी पडली. त्यावरून डिकेंना उलगडा झाला.

गोष्ट सुंदर आहे, पण इतिहास तिच्यापेक्षा जास्त चांगला आहे. डिकेंना गव्हाचा संशय दुष्काळाच्या बऱ्याच आधीपासून होता. पाव आणि रस्क वगळलेल्या आहारावर त्यांनी १९४१ मध्येच लिहिलं होतं. असंही सांगतात, की एका आईने त्यांना सांगितलं होतं, मुलाचा पाव बंद केला की अंगावरचं पुरळ कमी होतं. डिकेंनी ते हसण्यावारी नेलं नाही. मला त्यांच्यातला हा गुण सगळ्यात मोठा वाटतो. दुष्काळाने त्यांना कल्पना दिली नाही, आधीच्या कल्पनेला बळ दिलं. आणि युद्धानंतर त्यांनी जे केलं ते अतिशय कंटाळवाणं आणि म्हणूनच मोलाचं काम होतं. मोजकीच मुलं, पण वर्षानुवर्षं. काही काळ गव्हाशिवाय आहार, मग गहू, मग पुन्हा गव्हाशिवाय. प्रत्येक टप्प्यावर वजन, उंची, भूक यांची नोंद. १९५० मध्ये उट्रेख्ट विद्यापीठात त्यांनी हा प्रबंध सादर केला.

त्यांच्या जोडीला व्हॅन डी कामर नावाचे रसायनतज्ज्ञ होते. शौचातून किती चरबी वाया जाते हे अचूक मोजायची पद्धत त्यांनी बसवली. बालरोगतज्ज्ञ वाइअर्स हे तिसरे. या तिघांनी दाखवून दिलं, की गव्हातला स्टार्च निर्दोष आहे, दोष आहे तो ग्लूटेनमधल्या ग्लायडिन या भागात. १९५२ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या शार्लट अँडरसन आणि सहकाऱ्यांनीही हेच सिद्ध केलं. गींच्या व्याख्यानानंतर पासष्ट वर्षांनी टोस्टचा तो पातळ काप एकदाचा मुलांच्या ताटातून गेला.

तरी आतड्यात नेमकं काय होतं हे जिवंत माणसात कुणी पाहिलं नव्हतं. मृत्यूनंतर आतडं इतक्या लवकर कुजतं, की शवविच्छेदनात काही नीट कळत नसे. १९५४ मध्ये इंग्लंडातल्या पॉली यांनी शस्त्रक्रियेत मिळालेल्या तुकड्यांवरून सांगितलं, की आतड्याच्या अस्तरावरचे बोटांसारखे उंचवटे झिजलेले दिसतात. मार्गो शायनर यांनी तोंडावाटे नळी घालून आतड्याचा नमुना काढून दाखवला. आणि १९५७ मध्ये आली क्रॉस्बी कॅप्सूल. बारीक नळीच्या टोकाला एक लहानशी डबी, तिच्यात स्प्रिंगवर बसवलेलं पातं. डबी गिळायची, ती आतड्यात पोचली की नळीतून हवा ओढायची, की पातं फिरून कणभर अस्तर कापून आत घेतं.

आणि हा क्रॉस्बी कोण होता? पोटाचा डॉक्टर नव्हे! विल्यम क्रॉस्बी हा अमेरिकी लष्करातला रक्तविकारांचा डॉक्टर. हे वाचलं तेव्हा मला छकुलीच्या डॉक्टरांचं वाक्य आठवलं, की आता रक्त सोडून आतडं बघू या. रक्ताचा माणूस आतड्यात डोकावायचं यंत्र बनवतो, यात आश्चर्य नाही. रक्ताचा कच्चा माल येतो तो आतड्यातूनच.

आता रक्ताकडे वळू. आपण गहू घेऊन चाललेली बैलगाडी कल्पू या. रस्ता जिथे सुरू होतो तिथलाच पूल वाहून गेला तर काय होईल? लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या पहिल्या भागात, आणि सीलिअ‍ॅकमध्ये सर्वांत जास्त नासधूस होते तीही तिथेच. मग वरून कितीही लोह ओता, ते पलीकडे जाणार कसं? म्हणून तोंडाने दिलेल्या लोहाला दाद न देणारा पंडुरोग ही या आजाराची मोठी खूण. लहान मुलांत कधी कधी एकमेव खूण.

दुसरी खूण फॉलिक अ‍ॅसिडची. आणि इथे ही गोष्ट थेट आपल्या मुंबईत, परळला येते. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका बाळंतपणात एका विचित्र पंडुरोगाने दगावत होत्या, त्याचं कारण शोधायला. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केलं. या बायकांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या असत. उंदरांवर आणि मग माकडांवर प्रयोग करता करता त्यांनी मार्माइट, म्हणजे ब्रेडवर लावायचा यीस्टचा स्वस्तातला अर्क, देऊन पाहिला, आणि रक्त सुधारलं. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कातल्या अज्ञात घटकाला बरीच वर्षं विल्स फॅक्टर म्हणत. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा केला गेला आणि पानावरून त्याचं नाव पडलं फॉलिक अ‍ॅसिड. (गंमत बघा, गींचं व्याख्यान छापून आलं त्याच १८८८ साली ल्युसी विल्स यांचा जन्म झाला होता.)

सीलिअ‍ॅकच्या मुलात फॉलिक अ‍ॅसिडही शोषलं जात नाही. आणि इथे एक चकवा आहे. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान होतात. फॉलिक अ‍ॅसिड कमी पडलं की मोठ्या होतात. दोन्ही एकदम कमी पडलं तर? लहान आणि मोठ्या यांची सरासरी निघते बरोबर मधली! मशीनने छापलेल्या कागदावर पेशींचा सरासरी आकार अगदी नॉर्मल. दोन चुकांनी मिळून एक बरोबर उत्तर दिल्यासारखं. पण पेशींच्या आकारात किती तफावत आहे हा आकडाही त्याच कागदावर असतो, आणि तो वाढलेला दिसतो. काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्या जाणत्या माणसाला तर हे लगेच कळतं.

तिसरी खूण रक्तस्रावाची. डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी कोंबडीच्या पिलांना चरबी नसलेला आहार दिला, तर पिलांना रक्तस्राव होऊ लागला. त्यातून सापडलं व्हिटॅमिन के. त्यातला के म्हणजे डॅनिश भाषेतल्या रक्त गोठण्याच्या शब्दाचं पहिलं अक्षर. १९४३ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. हे व्हिटॅमिन चरबीत विरघळतं, आणि सीलिअ‍ॅकमध्ये चरबीच शोषली जात नाही. म्हणजे व्हॅन डी कामर जी वाया जाणारी चरबी मोजत होते, तिच्याबरोबर व्हिटॅमिन केसुद्धा वाहून जात होतं. मग रक्त गोठायला वेळ लागतो, मुलाला उगाच काळेनिळे डाग पडतात, नाकातून रक्त येतं. असं मूल आधी रक्ताच्या डॉक्टरकडे जातं, पोटाच्या नाही.

प्लेटलेटची तऱ्हा आणखी निराळी. बहुतेकदा त्या वाढतात, कारण लोहाची कमतरता आणि आतली धुसफुस दोन्ही त्यांना वाढवतात. क्वचित उलटंही होतं, शरीर आपल्याच प्लेटलेट नष्ट करतं आणि त्या कमी होतात. तांब्याची कमतरता झाली तर पांढऱ्या पेशीही घटतात. तिन्ही पेशी कमी दिसल्या की घरच्यांच्या मनात एकच भयंकर शब्द येतो, रक्ताचा कॅन्सर. असे दिवस काढलेल्या आईबापांना सीलिअ‍ॅक हे निदान ऐकून चक्क पेढे वाटावेसे वाटत असतील!

पाणथरीचं, म्हणजे प्लीहेचंही असंच. प्लीहा जुन्या तांबड्या पेशी गाळते आणि त्यांच्यातला केरकचरा काढते. सीलिअ‍ॅक अनेक वर्षं लपून राहिला तर ती आक्रसते आणि तिचं काम मंदावतं. मग तांबड्या पेशींत टिंबासारखे ठिपके राहून गेलेले दिसतात. हॉवेल आणि जॉली या दोन शास्त्रज्ञांच्या नावाने ते ओळखले जातात. लहान मुलांत हे क्वचित, कारण त्याला काळ जावा लागतो. पण दिसलं तर न्यूमोनियाच्या जंतूवरची लस महत्त्वाची ठरते.

आणि सर्वांत विरळा प्रकार १९७१ मध्ये लेन आणि हॅमिल्टन यांनी नोंदवला, फुप्फुसात थोडं थोडं रक्त झिरपणं. त्यातलं लोह फुप्फुसातच अडकून बसतं आणि मूल पांढरं पडत जातं. खोकला असतो, कधी खोकल्यातून रक्त येतं, आणि क्षयाचा संशय येतो. अशा काही रोग्यांत गहू बंद केल्यावर फुप्फुसातला रक्तस्रावही थांबल्याच्या नोंदी आहेत. पोळी आणि खोकल्यातलं रक्त! कोण जोडणार हे दोन धागे?

काकू, आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

आपल्याकडे हा आजार नव्हता, असं डॉक्टरांनाही बराच काळ वाटत असे. हा गोऱ्या लोकांचा आजार असा समज होता. पण १९६६ मध्येच उत्तर भारतातल्या मुलांतल्या सीलिअ‍ॅकवरचा एक लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. पुढे २०११ मध्ये दिल्लीच्या परिसरातल्या पाहणीत साधारण ९६ माणसांत एक असं प्रमाण निघालं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तेवीस हजारांहून जास्त प्रौढांच्या पाहणीत उत्तरेत शंभरात १.२३ आणि दक्षिणेत ०.१० असा फरक दिसला. या आजाराला लागणारी जनुकं दोन्हीकडे साधारण सारख्याच प्रमाणात होती. फरक होता ताटात. उत्तरेत दिवसाला सरासरी ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत २५ ग्रॅम.

आता आपल्या घराण्याचं बघा. आजोबांच्या वेळी कोकणात भात आणि नाचणी, देशावर ज्वारी-बाजरीची भाकरी. गव्हाची पोळी सणावाराला. म्हणजे आजाराला लागणारं जनुक आपल्यात असेलही, पण ठिणगी पडायला गहू रोज नव्हता. इंदूर-ग्वाल्हेरकडे गेलेल्या आपल्या लोकांच्या ताटात मात्र सकाळ-संध्याकाळ गहू आला. आणि आता तर मुंबई-पुण्यातही भाकरी ही हॉटेलात जाऊन खायची चीज झाली आहे. तेव्हा "आमच्या वेळी नव्हतं" हे अर्धं खरं आहे. कमी होतं. पण जे होतं ते पांडू, मुडदूस, दृष्ट, "मुळातच अशक्त" अशा नावांखाली गेलं.

हे मी त्या रात्री मागचं आवरताना काकूंना सांगत होते. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमचा बाळ असाच पांढरा पडत गेला होता गं. ग्वाल्हेरला. पोट एवढं मोठं, आणि हातपाय काड्या. डॉक्टर लोहाचं औषध देत, आणि मी त्याला दुधात पोळी कुस्करून भरवत असे. अंगी लागावं म्हणून."

काका रेल्वेत होते, तेव्हाची गोष्ट. बाळ चार वर्षांचा होऊन गेला हे आम्हाला माहीत होतं, कसा गेला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, काकू, त्याला नेमकं काय झालं होतं ते आज कुणीच सांगू शकणार नाही. त्या काळी मुलं दहा कारणांनी जात. आणि ज्या आजारात लंडनचे एवढे मोठे डॉक्टर टोस्ट द्या म्हणत होते, तिथे तुम्ही पोळी भरवलीत यात तुमची काय चूक? त्या "हं" म्हणाल्या आणि पातेलं घासायला घेतलं. त्यांना ते पटलं की नाही, मला माहीत नाही.

म्हणून हा लेख त्यांच्यासाठी. आणि बाकी मंडळींसाठी चार कामाच्या गोष्टी.

एक, हा आजार घराण्यात चालतो. रोग्याच्या सख्ख्या भावंडांत आणि आईवडिलांत शंभरातल्या पाच ते दहा जणांना तो असू शकतो, काही तक्रार नसतानाही. रक्ताच्या एका तपासणीने अंदाज येतो. १९९७ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी ट्रान्सग्लुटामिनेज हे लक्ष्य शोधून काढलं, त्यावर ती तपासणी आधारलेली आहे. प्रतिपिंडांची पातळी फार जास्त असेल तर, दुसऱ्या नमुन्याने खात्री करून, मुलांत आतड्याचा तुकडा न काढताही निदान करता येतं असं युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ पासून मानलं आहे. काही मुलांत आयजीए हे प्रतिपिंड मुळातच कमी असतं, मग ही तपासणी खोटंच "नाही" म्हणते. म्हणून एकूण आयजीएसुद्धा मोजतात.

दोन, तपासणीआधी गहू बंद करू नका! गहू थांबला की प्रतिपिंडं ओसरतात, आतडं भरून येऊ लागतं, आणि आजार असूनही तपासणीत सापडत नाही.

तीन, "चमचाभराने काय होतंय" हे इथे चालत नाही. प्रश्न पोट भरण्याचा नसून शरीराला आठवण करून देण्याचा आहे. छकुलीची ज्वारी गव्हाच्या गिरणीतून दळून आणली तरी तिला त्रास होतो. डबीतल्या हिंगातसुद्धा बहुतेकदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, तेव्हा वरणाची फोडणीही बघून.

चार, घाबरू नका. आपलं उपासाचं अख्खं स्वयंपाकघर ग्लूटेनमुक्त आहे. वरई, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा. शिवाय भाकरी, घावन, आंबोळ्या, थालीपिठं (भाजणीत गहू न घालता). आम्ही म्हणतो, छकुलीची रोजच एकादशी :-)

गहू बंद करून आता आठ महिने झाले. हिमोग्लोबिन साडेअकरा आहे. प्लेटलेट खाली आल्या, नडग्यांवरचे डाग गेले. लोहाचं औषध तेच, जे आधी सहा महिने वाया गेलं होतं. पूल बांधला गेला, गाडी पलीकडे पोचली.

असो. बरंच लांबलं. जाता जाता एवढंच, की गणपतीत काकूंनी प्रसादाला तांदळाच्या रव्याचा शिरा केला. वेगळं पातेलं, वेगळा झारा, आणि तूप नवीन डब्यातलं. सगळ्यांना तोच. छकुलीने दोन द्रोण खाल्ले आणि तिसऱ्यासाठी काकूंचा पदर ओढत उभी राहिली.